कचरा डेपोवर उद्यान: माती टाकून झाडं लावली की झालं?

काठावरची
नगरपालिकांच्या ठरावांत हल्ली एक ओळ हमखास दिसते: 'जुना कचरा डेपो शास्त्रोक्त पद्धतीने बंद करून त्या जागी सार्वजनिक उद्यान विकसित करणे.' अंदाजपत्रक उघडलं तर त्याखाली दोनच बाबी असतात, मातीचा भराव आणि वृक्षारोपण.

मुंबईत दोन उदाहरणं समोर आहेत. माहीम-धारावीच्या कडेला मिठी नदीलगतचं ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभं राहिलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. दुसरं गोराईचं. ही क्षेपणभूमी १९७२ ते २००७ चालली, क्षेत्र १९.६ हेक्टर, कचरा सुमारे २३.४ लाख टन, ढिगाची सरासरी उंची २६ मीटर. ती झाकून, गॅस गोळा करून जाळायची व्यवस्था करून २००९ पर्यंत बंद केली गेली. एका जागी जंगल, दुसऱ्या जागी गवताची टेकडी. हा फरक का पडतो?

जाणकारांनी हे सांगावं: कचरा आणि माती यांच्या मध्ये नेमकं काय घालावं लागतं? झाडं कोणती? ढीग झाकायचा की उकरून न्यायचा? आणि लोकांना आत कधी सोडायचं?

मुरूम_खडी
चांगला धागा. क्रमाने सांगतो.

माती सर्वात शेवटी येते. आधी ढिगाला आकार द्यायचा. डेपोचे कडे बहुधा उभे असतात, कारण डंपर वरून रिकामे होतात. बाजूचा उतार १:३ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १ मीटर उंचीला ३ मीटर आडवं. २६ मीटर उंचीला नुसता उतारच ७८ मीटर आडवा जातो. त्यात दर ६ मीटर उंचीवर ४ मीटर रुंदीची पायरी धरली तर चार पायऱ्यांचे १६ मीटर आणखी, एकूण ९४. एवढी जागा पायथ्याशी नसेल तर कडेचा कचरा उचलून माथ्यावर न्यावा लागतो. हेच सर्वात घाण काम आहे आणि अंदाजपत्रकातून नेमकं हेच गळतं.

माथा सपाट करायचा नाही. निदान ५ टक्के उतार ठेवायचा, कारण ढीग पुढे खचणार आहे. आज २ टक्के ठेवलात तर तीन पावसाळ्यांत तिथे तळं होईल.

मग थर, खालून वर:
कचऱ्यावर ३० सेंमी मुरूम किंवा राडारोडा, नीट दाबून. त्यावर गॅस वाहून नेणारा खडीचा थर. त्यावर पाणी अडवणारा थर. २०१६ च्या घनकचरा नियमांत यासाठी ६० सेंमी चिकणमाती सांगितली होती, पाझर सेकंदाला १×१०⁻⁷ सेंमीपेक्षा जास्त नको. त्यावर १५ सेंमी निचऱ्याचा थर, आणि सर्वात वर ४५ सेंमी झाडोऱ्याची माती.

गोराईएवढ्या १९.६ हेक्टरवर नुसती वरची ४५ सेंमी माती म्हणजे ८८,२०० घनमीटर. १४ घनमीटरच्या हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) ६,३०० खेपा. चिकणमातीच्या आणखी ८,४००. ठराव वाचताना हा हिशोब मांडून बघा, दोन ओळींचं अंदाजपत्रक कुठे तोकडं पडतंय ते लगेच कळेल.

साष्टीकर
वाखूसा (वाचनखूण साठवली). पण ६० सेंमी चिकणमाती आणायची कुठून? आपल्याकडे काळी माती मुबलक आहे, ती चालेल का?

मुरूम_खडी
नुसती काळी माती नको. पावसाळ्यात ती फुगून छान पाणी अडवते, पण एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनचा पहिला पाऊस थेट त्या भेगांतून कचऱ्यात उतरतो. मुरमाड मातीत ५ ते १० टक्के बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी बारीक चिकणमाती) मिसळून, १५-२० सेंमीच्या थरांत, ओलावा इष्टतमपेक्षा दोन-तीन टक्के जास्त ठेवून रोलर फिरवायचा. प्रत्येक थराची घनता मोजायची. वरचा थर टाकण्यापूर्वी खालचा खरवडून घ्यायचा, नाहीतर दोन थरांच्या मधून पाणी आडवं पळतं.

मातीच मिळत नसेल तर १.५ मिमी जाडीची प्लास्टिक शीट, म्हणजे जिओमेम्ब्रेन. बंद ढिगावर एचडीपीई या कडक प्लास्टिकपेक्षा एलएलडीपीई या लवचिक प्लास्टिकची शीट बरी, ती खचणाऱ्या जमिनीबरोबर ताणली जाते. उतारावर दोन्ही बाजूंनी खरखरीत शीटच घ्यायची. गुळगुळीत शीटवरची माती मुसळधार पावसात शालीसारखी खाली घसरते.

निचरा
शीटबद्दल थोडी भर. १०० मीटर लांबीची शीट सकाळ-दुपारच्या ३० अंशांच्या फरकाने अर्धा मीटरभर लांबते. दुपारी ताणून वेल्डिंग केलं की रात्री आकसून जोड ओढले जातात. म्हणून जोडकाम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि शीटला थोडी सैल ठेवून. जोड दुहेरी असतो, दोन वेल्डच्या मध्ये हवेची पोकळ नळी राहते. तिची दोन्ही टोकं बंद करून साधारण २ बार हवा भरायची आणि पाच मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला की जोड गळका. ठिगळांना ही तपासणी करता येत नाही, तिथे साबणाचं पाणी लावून व्हॅक्यूम पेटी ठेवायची आणि बुडबुडे बघायचे.

शीटवर डोझर थेट चढवायचा नाही. आधी निदान ३० सेंमी माती, आणि तीही पायथ्याकडून वर ढकलत न्यायची. वरून खाली ढकलली तर मातीचं वजन शीटला खाली ओढतं.

हे सगळं कशासाठी, त्याचा हिशोब. मुंबईत पावसाळ्यात सुमारे २,३०० मिमी पाऊस पडतो. १९.६ हेक्टरवर म्हणजे ४५ कोटी लिटर पाणी. त्यातलं एक तृतीयांश जरी ढिगात मुरलं तरी दर वर्षी १५ कोटी लिटर लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, पायथ्यातून खाडीत. आपल्या जुन्या डेपोंना तळाशी अस्तर नाही, त्यामुळे खालून अडवणं जवळपास अशक्य. वरून पाणी आत जाऊ न देणं एवढंच हातात आहे. उद्यान हे त्या छत्रीवरचं हिरवं कापड समजा.

चाळण
मुळातच असहमत. ढीग झाकून ठेवणं म्हणजे पुढच्या पिढीच्या नावावर बोजा चढवणं. जागा मोकळी करा. इंदूरने देवगुराडियाच्या डेपोवर सुमारे १०० एकरांत पडलेला १३ लाख टन जुना कचरा २०१८ मध्ये काही महिन्यांत बायोमायनिंग करून काढला. जमीन मोकळी झाली, ना गॅस ना लिचेट, हवी ती झाडं लावा.

पद्धत अशी. आधी ड्रोनने मोजणी आणि ठिकठिकाणी खड्डे घेऊन आत काय आहे ते बघणं. मग ढीग मोकळा करून २ ते २.५ मीटर उंचीच्या लांब वरंब्यांत रचायचा, जैविक कल्चर फवारायचं, आठवड्याला एकदा उलथायचं. असं तीन-चार वेळा. वास जातो, ओलावा उतरतो, आकारमान घटतं. मग ट्रॉमेलच्या, म्हणजे फिरत्या पिंपासारख्या, चाळण्या: आधी मोठी ८०-१०० मिमीची, मग ३०-३५, शेवटी ६ किंवा ४ मिमीची. दगडविटा खड्डे भरायला, प्लास्टिक-चिंध्या आरडीएफ (कचऱ्यापासूनचं जळण) म्हणून सिमेंट भट्टीकडे, बारीक माती भरावाला.

घोळ कुठे होतो? कचरा ओला असताना चाळण्यात. २५-३० टक्क्यांहून जास्त ओलावा असला की बारीक चाळणीची भोकं लिंपली जातात आणि माती प्लास्टिकला चिकटून आरडीएफमध्ये जाते. अशा मातकट आरडीएफला सिमेंट कारखाना हात लावत नाही. मग गठ्ठे तिथेच पडून राहतात आणि जुन्या ढिगाच्या जागी नवा ढीग तयार होतो. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे काम जवळपास बंदच धरा. निविदेत 'बारा महिने' लिहिलं असेल तर ते आठ महिन्यांचंच काम आहे.

मुरूम_खडी
@चाळण, मोकळ्या, कोरड्या आणि कमी उंचीच्या डेपोला तुमचं म्हणणं लागू आहे. पण सगळीकडे नाही.

एक, पैसे. स्वच्छ भारत २.० मध्ये टनाला ५५० रुपयांचा दर धरला होता. २३.४ लाख टनांचे जवळपास १२९ कोटी होतात. दोन, निम्म्याच्या आसपास जी बारीक माती निघते तिच्यात काचेची चुरी, प्लास्टिकचे तुकडे आणि जड धातू असतात. ती शेतात टाकणं गुन्हा मानला पाहिजे. ती जाणार कुठे? तीन, खाडीकाठचा २० मीटर खोल ढीग उकरताना आतलं लिचेट आणि गॅस एकदम मोकळे होतात. मुलुंडच्या २४ हेक्टरवर ७० लाख टन उकरायचं काम २०१८ नंतर सुरू झालं, त्यात किती वर्षं गेली ते मुंबईकरांनी पाहिलं आहे.

चाळण
मातीचा मुद्दा मान्य. पण मग दोन्ही जोडा ना. ज्या कडा उताराला अडतात तेवढ्याच उकरून चाळा, निघालेली बारीक माती शीटच्या खालच्या समतलीकरणाच्या थरात वापरा. तिथे ती शीटखाली कोंडलेली राहते, कुणाच्या ताटात जात नाही. बाहेरून आणायचा मुरूमही वाचतो. आरडीएफ तेवढाच बाहेर पाठवायचा.

मुरूम_खडी
हे पटलं. फक्त चाळलेल्या मातीत सेंद्रिय भाग किती उरलाय ते आधी तपासा. जास्त असेल तर तो थर स्वतःच कुजून खचेल.

गवताळ
आता झाडांकडे येऊ.

झाडांची मुळं शीट फोडतात म्हणून झाडं नकोत, असं सर्रास सांगितलं जातं. अखंड शीटला मुळं सहसा भेदत नाहीत, ती अडून आडवी पसरतात. खरा धोका त्यातूनच येतो. ४५ सेंमी मातीत आडवी पसरलेली मुळं म्हणजे तळहातावर उभी केलेली काठी. जूनच्या वादळी वाऱ्यात झाड उन्मळलं की मुळाबरोबर माती आणि निचऱ्याचा थर उचलला जातो, शीट उघडी पडते. दुसरं, गॅस मुळांशी आला की जमिनीतला प्राणवायू संपतो आणि झाड गुदमरतं. वरून कितीही खत घाला, उपयोग नाही.

म्हणून उतारावर गवत आणि झुडपं: मारवेल, पवन्या, दूर्वा, कडेच्या पाण्याच्या चरांलगत वाळा. झुडपांत निर्गुडी, करवंद. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जाऊ शकतात, म्हणून तो शीटच्या बाहेर, पायथ्याच्या तालीवर लावणं उत्तम. झाडं हवीच असतील तर शीटवर १.२ ते १.५ मीटर मातीचे वेगळे उंचवटे करून, तेही माथ्याच्या मध्यावर नाही, पायऱ्यांवर. खाडीकाठी भेंडी (भाजीची नव्हे, त्या नावाचं झाड), करंज, उंडी तग धरतात. सुबाभूळ लावू नका. पटकन हिरवं दिसतं म्हणून ठेकेदाराला आवडतं, पण पाच वर्षांत दुसरं काही उगवू देत नाही.

आंबा, पेरू, शेवगा, भाजीपाला अजिबात नको. उद्यानातली फळं मुलं तोडणारच.

पहिल्या वर्षी गवताचं बी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे, नारळाच्या काथ्याच्या जाळीखाली. भराव ऑगस्टमध्ये पूर्ण झाला आणि गवत पुढच्या वर्षी, असं केलं तर मधल्या पावसात अर्धी माती चरांमध्ये.

साष्टीकर
मग माहीमच्या निसर्ग उद्यानात एवढी मोठी झाडं कशी उभी आहेत? तिथे तर दाट जंगल आहे, पावसाचं पाणी साठवणारं तळंसुद्धा आहे.

गवताळ
कारण तो वेगळा कचरा आणि वेगळा काळ. तिथे २६ मीटरचा डोंगर नव्हता. सत्तरच्या दशकापर्यंतच्या कचऱ्यात प्लास्टिक कमी आणि कुजणारा भाग, राख, माती जास्त. वर माती आणून ऐंशीच्या दशकापासून लागवड झाली, प्लास्टिकच्या शीटची पद्धत तेव्हा इथे नव्हतीच, त्यामुळे मुळं खालच्या कुजून माती झालेल्या थरात उतरू शकली. मुख्य म्हणजे लागवड सुरू झाल्यावर दहा-अकरा वर्षांनी दारं उघडली. त्या जागेनं सगळ्यात जास्त घेतला तो वेळ. आजच्या मिश्र कचऱ्याच्या ढिगावर तीच पद्धत वापरली तर झाडं तिसऱ्या वर्षी पिवळी पडतील.

वायुपुत्र
आतापर्यंत गॅसबद्दल ओझरतंच आलं, म्हणून सविस्तर.

बंद ढिगातल्या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन, बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड, थोडा हायड्रोजन सल्फाइड. मिथेनला वास नाही. हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीला पेट घेतो. नियमात ५ टक्क्यांच्या चौथ्या भागाची, म्हणजे १.२५ टक्क्याची मर्यादा धरतात.

गॅस काढायच्या विहिरी एकमेकींपासून ३० ते ६० मीटर अंतरावर. ढिगाच्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत बोअर, तळ गाठायचा नाही. आत भोकांची एचडीपीई नळी, भोवती गोटे, तेही चुनखडीचे नकोत कारण आम्लात विरघळतात. वरच्या तीन-चार मीटरमध्ये नळीला भोकं नसावीत आणि भोवती बेंटोनाइटचं बूच, नाहीतर गॅस खेचायला पंपाची ओढ लावताच वरून हवा आत येते.

सर्वात जास्त बिघाड होतो तो विहिरीत नाही, विहिरींना जोडणाऱ्या नळीत. गॅस गरम आणि ओला असतो. नळीत थंड झाला की पाणी सुटतं. नळीला २-३ टक्के उतार आणि खालच्या टोकाला पाणी काढायचा सापळा लागतो. ढीग एका जागी जास्त खचला की नळीला झोळ पडतो, झोळात पाणी भरतं, आणि त्यापलीकडच्या सगळ्या विहिरी मेल्यासारख्या होतात. ऑपरेटरला वाटतं गॅस संपला, म्हणून तो ओढ वाढवतो. मग जवळच्या विहिरींतून हवा आत खेचली जाते आणि आत आग लागते. म्हणून प्रत्येक विहिरीवर प्राणवायू ५ टक्क्यांच्या आत आणि तापमान ५५ अंशांच्या आत आहे ना, हे महिन्यातून एकदा तरी मोजायचं. कार्बन मोनॉक्साइड चढू लागला की आत जळतंय असं समजा. तिथे पाणी ओतायचं नाही, ओढ बंद करून भेगा मातीने बुजवायच्या. मुंबईत देवनारसारख्या उघड्या डेपोवर जानेवारी २०१६ मध्ये कशी आग लागली ते सर्वांनी पाहिलं.

नवख्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट: वरून झाकण लावलं की गॅस आडवा पळतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लोस्को गावात मार्च १९८६ मध्ये डेपोशेजारचा एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला. हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला होता आणि जमिनीतला गॅस बाहेर ओढला गेला. म्हणून कुंपणाबाहेर वस्तीच्या बाजूला तपासणीच्या नळ्या हव्यातच, आणि वादळाच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत आवर्जून मोजमाप हवं.

निचरा
+१. यंत्र हातात नसलं तरी दोन खुणा माळीदादाही ओळखू शकतो. हिरव्या गवतात परातीएवढं पिवळं वर्तुळ पडलं आणि पाणी घालूनही हिरवं होत नसलं, किंवा पावसानंतर डबक्यात एकाच जागेवरून संथपणे बुडबुडे येत राहिले, तर खाली शीट फाटली आहे. जागेवर खुंटी ठोकायची नाही (शीटला आणखी एक भोक!), चुन्याची रेघ मारायची आणि कळवायचं.

हडसनकाठी
न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या फ्रेश किल्सची तुलना उपयोगी पडेल. १९४८ मध्ये सुरू झालेला डेपो, २,२०० एकर, चार डोंगर, अंदाजे १५ कोटी टन कचरा. मार्च २००१ मध्ये बंद झाला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथला ढिगारा तपासण्यासाठी पुन्हा उघडावा लागला. त्याच वर्षी उद्यानासाठी आराखड्यांची स्पर्धा झाली.

उत्तरेच्या भागाचा पहिला टप्पा लोकांसाठी उघडला ऑक्टोबर २०२३ मध्ये, अवघा २१ एकर. २२ वर्षांनी. पैसा, यंत्रणा, कायदा सगळं असूनही. दुसरं, तिथेही डोंगरांवर जंगल नाही, गवताळ माळ आहे, आणि नेमक्या त्या माळामुळे ग्रासहॉपर स्पॅरोसारखे इतरत्र कमी होत चाललेले गवताळ प्रदेशातले पक्षी तिथे घरटी करू लागले. आपल्याकडे गवत म्हणजे 'अजून झाडं लावायची राहिली आहेत' असं मानतात, ते बदलायला हवं.

चिकणमाती
सोलचं उदाहरणही जोडा. नानजीदो बेटावर १९७८ ते १९९३ कचरा पडला, सुमारे ९.२ कोटी टन, उंची ९८ मीटरपर्यंत. मग भोवती जमिनीत सुमारे ६ किमी लांबीची पाणी अडवणारी भिंत, शंभरावर गॅस विहिरी, आणि २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी उद्यान खुलं. गॅसवर शेजारच्या स्टेडियमला आणि घरांना ऊब मिळते. माथ्यावरच्या हानुल उद्यानात काय आहे? उंच तुऱ्यांचं गवत! शरद ऋतूत ते बघायला गर्दी लोटते. @गवताळ, तुमचाच मुद्दा.

गवताळ
अगदी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पवन्या पिकून तांबूस होतो तेव्हा सह्याद्रीच्या सड्यांकडे लोक जातातच की. शहरात तोच माळ मिळाला तर बिघडलं कुठे?

साष्टीकर
अवांतर: बंद डेपोवर उद्यान करण्याऐवजी इमारती का बांधत नाहीत, असा प्रश्न प्रत्येक महासभेत कुणी तरी काढतोच.

वायुपुत्र
मालाडच्या चिंचोली बंदरच्या जुन्या डेपोच्या परिसरात कार्यालयं उभी राहिल्यावर जमिनीतून येणाऱ्या वायूंनी संगणकांचे भाग गंजून बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या. सल्फाइडमुळे तांबं-चांदीचे जोड काळे पडतात. यंत्रांचं असं होतं तर तिथे दिवसभर श्वास घेणाऱ्यांचा विचार आधी करावा.

मुरूम_खडी
कचरा पूर्ण हलवून खालची मूळ जमीन घेतली तर बांधकाम करता येतं. पुण्यात कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागी मेट्रोचा डेपो झाला आहे. पण ढीग जागेवर ठेवून वर इमारत, हे टाळाच.

खचण्याचा आकडा सांगायचा राहिला. ढिगाची उंची पुढच्या काही दशकांत ५ ते २० टक्के उतरते. २६ मीटरला १० टक्के धरले तरी २.६ मीटर. सगळीकडे सारखं खचलं तर प्रश्न नाही, पण ते कधीच सारखं नसतं. म्हणून माथ्यावर काँक्रीटचे रस्ते नकोत, मुरमाचे किंवा वाळूवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकचे करा, ते उचलून पुन्हा बसवता येतात. पिण्याच्या पाण्याची मुख्य लाइन ढिगावरून नेऊच नका. फुटली तर कळेपर्यंत हजारो लिटर आत गेलेलं असतं. स्वच्छतागृह, तिकीट खिडकी, चौकीदाराची खोली सगळं पायथ्याबाहेर मूळ जमिनीवर, आणि त्यातही जोत्याखाली हवा खेळती.

काठावरची
सगळ्यांचे आभार. एक बाब कुणी काढली नाही. डेपोवर कचरा वेचून जगणाऱ्या बायकांचं काय? कुंपण पडलं की सर्वात आधी त्या बाहेर.

चाळण
योग्य वेळी विचारलंत. चाळणीच्या पट्ट्यावर प्लास्टिकचे प्रकार हाताने वेगळे करायला सराईत नजर लागते आणि ती त्यांच्याकडेच असते. निविदेत 'स्थानिक कचरावेचकांना प्राधान्य, हातमोजे, बूट, मास्क, किमान वेतन' ही अट आणि तिच्या हजेरीपटाची तपासणी असली पाहिजे. काम संपल्यावर सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रात त्यांची सोय. पुण्यात कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते, म्हणजे हे जमतं.

काठावरची
आता मूळ प्रश्नाकडे. ठराव समोर आहे, निविदा निघायची आहे. कोणत्या ओळी नसतील तर हरकत घ्यावी?

निचरा
माझ्या मते पाच. ढिगाचे उंच-सखल दाखवणारा कंटूर नकाशा आणि बोअर घेतल्याचा अहवाल. खाडी किंवा नाल्याच्या बाजूला पायथ्याचा चर, लिचेट विहीर आणि पंप, त्याच्या वीजबिलाच्या तरतुदीसह. शीटच्या प्रत्येक जोडाची तपासणी नोंदवही. भराव ३१ मे पूर्वी संपवायची अट, न जमल्यास ताडपत्रीने झाकून पुढच्या हंगामात. आणि बंद केल्यानंतरची १५ वर्षांची देखभाल, जी २०१६ च्या नियमांतच होती.

पाचवी सर्वात आधी गळते. ठेकेदाराची जबाबदारी दोन-तीन वर्षांवर संपते, पुढे गॅस, लिचेट आणि खचणं बघायला कुणीच नसतं. उद्यान विभागाला गवत कापता येतं, पण विहिरीवरचा प्राणवायू मोजायचं काम त्यांच्यावर ढकललं तर ते होत नाही. घनकचरा विभागाकडेच ते ठेवा, वेगळ्या लेखाशीर्षासह.

मुरूम_खडी
सहावी ओळ माझी: खचणं मोजायच्या पट्ट्या. लोखंडी चौरस तळपट्टी, तिला उभी दांडी, निचऱ्याच्या थरावर ठेवून भोवती माती, म्हणजे शीटला भोक पडत नाही. माथ्यावर आणि पायऱ्यांवर मिळून दर हेक्टरी निदान एक-दोन. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी लेव्हल घ्यायची, नंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर.

लोकांना कधी सोडायचं याचंही उत्तर याच नोंदीत आहे. तारखेवर जाऊ नका. सलग चार नोंदींत खचण्याचा वेग उतरता दिसला, कुंपणावरच्या नळ्यांत मिथेन मर्यादेत राहिला आणि एक पूर्ण पावसाळा उतार न घसरता गेला, की पायऱ्यांवरचे रस्ते उघडा. माथा त्यानंतर.

साष्टीकर
आणि मुलांचे झोपाळे-घसरगुंड्या? नगरसेवक पहिलं तेच मागणार.

मुरूम_खडी
पायथ्याच्या मूळ जमिनीवर, फाटकाजवळ. झोपाळ्याच्या खांबाला ६०-७० सेंमी खोल पाया लागतो आणि शीट ६० सेंमीवर आहे. माथ्यावर द्यायचंच असेल तर शीटवर आधी मीटरभर जादा माती, त्यावर जाळीची सलग काँक्रीटची लादी आणि खांब तिला बोल्टने. खड्डा खणायचा नाही. गॅसच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर, आणि विहिरीच्या तोंडाला कुलपाचा पिंजरा, कारण मुलांचे हात सगळीकडे पोचतात.

वायुपुत्र
कुलपाची किल्ली मात्र चौकीदाराकडेही हवी. पावसाळ्यात रात्री सापळा तुंबला तर सकाळपर्यंत थांबता येत नाही.